बुधवारची वही

माझ्या टेबलाच्या खणात दोनशे पानांची एक जुनी वही आहे. पुठ्ठा केव्हाच गेला, कडा झिजल्या, पण आतली निळी शाई अजून शाबूत आहे. पहिल्या पानावर माझ्या थोरल्या बहिणीच्या अक्षरात लिहिले आहे, ‘बिनाका. बुधवार, रात्री ८’. पुढे पानापानावर तारखा आणि तारखेखाली ओळीने गाणी. गाण्यांची नावे हिंदीत, शेरे मराठीत. उज्जैनच्या मराठी घरांत दोन भाषा अशाच नांदत आल्या आहेत; बाजारहाट एकीत, रुसवेफुगवे दुसरीत. बेळगाव, बिदर, भालकीकडच्या वाचकांना हे समजावून सांगायला नको.

माझी सारी नोकरी इतिहास शिकवण्यात गेली. मोडी कागद वाचले, शिंदेशाहीतले हिशेब लावले. पण गेल्या वर्षी ताईकडे बेळगावला गेलो असताना तिने ट्रंकेतून ही वही काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, “हा घे तुझा कागद. यावर लिही काहीतरी.” मी हसलो खरा. परंतु गाडीत बसून वही उलटता उलटता लक्षात आले की १९७२ सालच्या पानांत एका गाण्याची हकीगत आहे, आणि ती अजून कोणी आपल्या बाजूने सांगितलेली नाही. आपल्या म्हणजे रेडिओला कान लावून बसलेल्या ऐकणाऱ्यांच्या.

ते गाणे म्हणजे ‘दम मारो दम’. गायिका आशा भोसले, संगीत राहुलदेव बर्मन यांचे, शब्द आनंद बक्षींचे, चित्रपट देव आनंद यांचा ‘हरे राम हरे कृष्ण’, साल १९७१. हिंदी चित्रपटांत गिटार, ड्रम आणि विलायती ठेक्याची गाणी त्याआधीही झाली होती. पण मराठी घरातल्या एका बाईने गायलेले, नखशिखान्त रॉक म्हणावे असे गाणे देशाच्या लोकप्रियतेच्या यादीत वर्षभराच्या बेरजेने पहिले आले, ते हेच. आणि ते आले तेव्हा आकाशवाणीवर त्याला मज्जाव होता.

याची पार्श्वभूमी थोडी मागून सांगतो. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकालाचे मंदिर नव्याने उभारले, तेव्हापासून आमच्यासारखी घराणी इथे क्षिप्रेकाठी आहेत. पुढे १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली. दरबार गेला, पण कारकून, भटभिक्षुक, वैद्य आणि गवई राहिले. त्यामुळे आमच्या गल्लीत गणेशोत्सव, कीर्तन आणि नाट्यसंगीत हे सगळे होते, फक्त भोवताली महाराष्ट्र नव्हता. आमचे अण्णा पेटी वाजवीत. देवासला कुमार गंधर्व राहत होते. ते तर तुमच्याच मुलखातले, बेळगावजवळच्या सुळेभावीचे; १९४८ मध्ये माळव्यात आले आणि आमचेच झाले. देवासला बैठक आहे असे कळले की अण्णा सायकल स्टँडवर लावून बस पकडीत. गाणे म्हणजे काय, हे आमच्या घरात त्या चाळीसेक किलोमीटरांच्या रस्त्याने ठरत असे.

रेडिओ मात्र वेगळ्या वाटेने आला. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात नभोवाणी मंत्री झाले. पुण्याचे, विद्वान, शास्त्रीय संगीताचे खरे कैवारी. त्यांना चित्रपटसंगीत हलके वाटे. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून ते जवळजवळ नाहीसेच झाले. आता लोकांचे कान कोणी कुलपात ठेवू शकतो का? सगळ्यांनी शॉर्टवेव्हचा काटा फिरवून रेडिओ सिलोन धरले. त्याच वर्षी डिसेंबरात तिथून बिनाका गीतमाला सुरू झाली. निवेदक अमीन सायानी. ध्वनिमुद्रण मुंबईत व्हायचे, फिती विमानाने कोलंबोला जायच्या आणि तिथून समुद्र ओलांडून आवाज परत हिंदुस्थानात यायचा. एका मराठी मंत्र्याच्या सोवळेपणामुळे साऱ्या देशाला दर बुधवारी लंकेकडे कान लावावे लागले, याची मला इतिहासाचा विद्यार्थी म्हणून अजून गंमत वाटते. पुढे १९५७ मध्ये सरकारने विविध भारती काढली, पण तोवर बुधवार सिलोनचा होऊन गेला होता.

सुरुवातीला या कार्यक्रमात सात गाणी असत आणि श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवायचा असे. बक्षीस शंभर रुपयांचे. पत्रांचा इतका पूर आला की दोनेक वर्षांत स्पर्धा गुंडाळून गाणी क्रमवारीने वाजवायला सुरुवात झाली. अमीनभाई त्या क्रमाला ‘पायदान’ म्हणत. हा शब्द आमच्या गल्लीत इतका रुळला की परीक्षेत दुसरा आलेला मुलगाही ‘दुसऱ्या पायदानावर’ असे. क्रम कसा लागायचा? देशभरातल्या निवडक दुकानांतून कोणती रेकॉर्ड किती खपली याचा अहवाल, आणि त्याला गावोगावच्या श्रोता संघांच्या मतांची जोड. चित्रपट चालला की पडला, समीक्षकांनी काय लिहिले, याला त्या यादीत थारा नव्हता. ठराविक आठवडे टिकलेले गाणे ‘सरताज’ ठरे, त्याला बिगुलाची सलामी मिळे आणि ते यादीतून बाहेर पडे. दुसऱ्यांना जागा मिळावी म्हणून.

आमच्या गल्लीतही एक श्रोता संघ होता. अध्यक्ष एक गुजराती कापडवाले, चिटणीस माझी ताई. मतांची कार्डे तीच लिहायची, कारण हिंदीत तिचे अक्षर सगळ्यांत सुबक. आणि तीच ही वही भरायची. मी तेव्हा तेरा वर्षांचा. माझे काम एवढेच, की आवाज लाटेसारखा खाली-वर होऊ लागला की एरियलची तार हातात धरून खिडकीत उभे राहायचे.

आशाताईंकडे वळतो. मास्टर दीनानाथांची ही मुलगी. लतादीदींचा जन्म १९२९ चा, आमच्या शेजारच्या इंदूरचा. आशाताईंचा १९३३ चा, सांगलीकडचा. वडील १९४२ मध्ये गेले आणि दुसऱ्याच वर्षी ‘माझं बाळ’ या मराठी चित्रपटात दहा वर्षांची आशा गायली. पुढची कित्येक वर्षे हिंदीत तिच्या वाट्याला उरलेसुरले येई. नायिकेचे गाणे दीदींकडे, क्लबात नाचणारीचे हिच्याकडे. यात अपमान होता, पण त्या क्लबाच्या गाण्यांतच ड्रम, ट्रम्पेट आणि गिटार होते. जे टाकाऊ म्हणून पदरात पडले त्यातून तिने आपले शिक्षण करून घेतले.

यातही आपल्या माणसांचा हात आहे, तो विसरला जातो. १९५७ च्या ‘आशा’ चित्रपटातले ‘ईना मीना डीका’ घ्या. अमेरिकेतले रॉक अँड रोल नुकते जगभर पसरू लागले होते, आणि ते इथे चपखल बसवणारे संगीतकार होते सी. रामचंद्र, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. त्यांच्या वाद्यवृंदात गोव्याचे वादक भरलेले असत. गाणे दोनदा ध्वनिमुद्रित झाले, एकदा खंडव्याच्या किशोरकुमारांच्या आवाजात, एकदा आशाताईंच्या. पुणतांबे, खंडवा, सांगली आणि गोवा यांनी मिळून रॉक अँड रोल केले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. मग १९६६ मध्ये ‘तीसरी मंझिल’ आला. राहुलदेवांनी त्यात महंमद रफींबरोबर जे गाणे दिले, त्यातले श्वास तोडत गायचे ‘आ आ आजा’ ऐकून आशाताई प्रथम बिचकल्या होत्या, पुष्कळ दिवस सराव करून मगच माइकसमोर उभ्या राहिल्या, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. नाट्यगीतातली तान घशाने फिरवायची, तर हे छातीने आणि श्वासाने करायचे काम.

‘दम मारो दम’मध्ये हा श्वासच गाणे होऊन बसला. पेटीवर वाढलेल्या माणसाला यात ‘चाल’ फारशी सापडत नाही. भूपिंदरसिंगांची गिटार एकच आकृती पुन्हा पुन्हा घोळवते. चरणजितसिंगांच्या ट्रान्झिकॉर्डचे, म्हणजे विजेवर चालणाऱ्या पेटीसारख्या वाद्याचे, गूढ सूर मागे पसरतात. ठेका जड पावलांनी येतो. या सगळ्यावर आशाताईंचा आवाज खालच्या पट्टीत, किंचित धुरकट, अर्धा झोपेत असल्यासारखा सुरू होतो. मुरकी नाही, तान नाही, सजावट म्हणून काहीच नाही. तोवर हिंदीतली गायिका सूर दाखवायला गात असे. इथे ती अवस्था दाखवायला गायली. माझ्या मते रॉक म्हणजे गिटार नव्हे, हे आहे. आणि हे साधण्यासाठी सूर इतका पक्का लागतो की तो लपवता यावा. दीनानाथांच्या घरातली तालीम इथे लपलेली आहे.

आता या गाण्याचे नशीब बघा. चित्रपटात ते जेमतेम एका कडव्यापुरते ठेवले गेले. गाणे कथेच्या वरचढ होईल अशी देव आनंद यांना भीती वाटली म्हणतात. कथा होती काठमांडूत हिप्पींमध्ये हरवलेल्या बहिणीची आणि तिला शोधत आलेल्या भावाची. बहिणीच्या भूमिकेत झीनत अमान. नशापाण्याविरुद्ध काढलेला चित्रपट, पण गाण्यामुळेच नशेला प्रतिष्ठा मिळते असे ठरवून आकाशवाणीने ते वाजवायचे नाही असे धोरण धरले. पुढे दूरदर्शनवर चित्रपट दाखवला तेव्हाही ते कापलेले होते. म्हणजे पडद्यावर तुकडा, आकाशवाणीवर शून्य. पूर्ण गाणे फक्त दोन ठिकाणी ऐकायला मिळे, रेकॉर्डवर आणि बुधवारी सिलोनवर. (त्या काळी ग्रामोफोन कंपनीच्या रेकॉर्डी कलकत्त्याजवळ दमदमच्या कारखान्यात तयार होत. हा योगायोग ताईने वहीत दोनदा अधोरेखित केला आहे.)

उज्जैनला मात्र या गाण्यातला ‘दम’ काही नवा नव्हता. ज्या गावात महाकालाला भांगेचा शृंगार होतो, सिंहस्थात रामघाटावर चिलमींचा धूर दाटतो, तिथे दम मारणे हे देवाच्या नावानेच चाललेले असते. साधूने चिलीम ओढली तर आमची आजी लांबून हात जोडायची. त्यामुळे अण्णांना राग आला तो गांजाचा नव्हेच. एका बाईने, त्यातून दीनानाथांच्या मुलीने, तो उच्चार असा आळसावून करावा, याचा आला. अण्णा म्हणत, “दीनानाथ असते तर?” यावर ताई एकदा म्हणाली, “असते तर तिला दहाव्या वर्षी कमवायला जावं लागलं नसतं.” त्या दिवशी रेडिओ संध्याकाळपासून बंद राहिला.

भाद्रपदात आमच्या गणेशोत्सवात ताईचे गाणे ठेवले होते. ती तेव्हा अठरा वर्षांची, सहा वर्षे गाणे शिकत होती. नाट्यपद झाले, भावगीत झाले, टाळ्या झाल्या. मग मागून कॉलेजच्या मुलांनी फर्माईश केली. ताईने एकदा अण्णांकडे पाहिले. ते पेटीवर होते. आणि तिने सुरू केले, पेटीशिवाय, कारण अण्णांनी भाता मिटला होता. तबलजी हिंदी मुलूखातला, त्याने मात्र ठेका धरला. ओट्यावर बसलेली दोन वडीलधारी माणसे उठून गेली. मुलांनी गलका केला. ती पूर्ण गायली, चित्रपटात नाहीत ती कडवीसुद्धा. रेडिओवरून उतरवून घेतली होती ना. घरी आल्यावर कोणी ओरडले नाही. फक्त पुढच्या महिन्यात गाण्याच्या मास्तरांची फी गेली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मास्तरांनीही विचारले नाही. मी तेरा वर्षांचा होतो, मीही विचारले नाही. तो प्रश्न मी विचारायला हवा होता, हे मला तेव्हा कळत होते की नाही, हे आज नक्की सांगता येत नाही.

वही चालूच राहिली. त्याच वर्षी मे महिन्यात सिलोनचे नाव श्रीलंका झाले. ताईने लिहिले आहे, ‘देशाचं नाव बदललं, बुधवार तोच’. वर्षअखेरचा वार्षिक कार्यक्रम आला. आदल्या वर्षी, १९७१ मध्ये, पहिल्या पायदानावर ‘अंदाज’मधले ‘जिंदगी एक सफर है सुहाना’ होते, किशोरकुमारांचे. त्यापुढे वहीत शेरा आहे, ‘खंडव्याचे, म्हणजे शेजारचेच’. या खेपेला थंडी मी म्हणत होती. मी तार धरून खिडकीत, ताई वहीवर वाकलेली, आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. अण्णा आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते, पण पान उलटल्याचा आवाज काही येत नव्हता. अमीनभाई एकेक पायदान चढवत नेत होते, नेहमीप्रमाणे मध्ये थांबून जीव टांगणीला लावत. शेवटी ती गिटार आली.

त्या पानावर गाण्याचे नाव आहे आणि पुढे एकच शब्द, ‘आपली’.

त्याच गाण्यासाठी आशाताईंना फिल्मफेअरचे पारितोषिकही मिळाले. ते परीक्षकांचे होते. यादी मात्र लोकांची होती, आणि लोकांना हे गाणे ऐकू देऊ नये असे ज्यांनी ठरवले त्यांच्या नाकावर टिच्चून ती लागली होती. रेकॉर्ड विकत घेणाऱ्यांनी आणि पंधरा-वीस जणांचा संघ करून कार्ड टाकणाऱ्यांनी ती लावली होती. अशा कागदांना इतिहासात पुरावा म्हणून फारसे स्थान मिळत नाही. मोडी फर्मान जपले जाते, मतांची कार्डे रद्दीत जातात.

१९७४ मध्ये ताई लग्न होऊन बेळगावला गेली. वही तिथे थांबते. पुढे आशाताईंना कोणत्या चौकटीत बसवायचे हा प्रश्नच उरला नाही. ‘उमराव जान’च्या गझला झाल्या, १९८९ मध्ये मध्य प्रदेश शासनाने आपला लता मंगेशकर सन्मान त्यांना दिला, म्हणजे धाकटीला थोरलीच्या नावाचा मान आमच्या राज्याने दिला. अण्णांचे मन वळले ते आणखी उशिरा. उस्ताद अली अकबर खाँसाहेबांबरोबर आशाताईंनी जुन्या बंदिशींचा ‘लेगसी’ हा संग्रह केला, तो ग्रॅमीच्या नामांकनापर्यंत गेला. खाँसाहेबांचे वडील अल्लाउद्दीन खाँ आमच्याच प्रांतातल्या मैहरचे, तेव्हा अण्णांना नाही म्हणायला वावच नव्हता. मी कॅसेट आणली. ते डोळे मिटून ऐकत राहिले आणि बाजू संपल्यावर म्हणाले, “ही तीच ना?” मी म्हटले, तीच. त्यावर ते काही बोलले नाहीत. दुसरी बाजू लावायची खूण केली.

गंमत अशी की यानंतर खुद्द आशाताईंचे नावच एका विलायती यादीत पहिले आले. इंग्लंडमधल्या कॉर्नरशॉप या मंडळींनी १९९७ मध्ये ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ हे गाणे काढले, तिच्यावर आणि तिच्या पंचेचाळीस फेऱ्यांच्या छोट्या रेकॉर्डींवर. पहिल्यांदा ते ब्रिटनच्या यादीत साठाव्या जागेवरच अडखळले. नॉर्मन कुक यांनी ते नव्याने बांधले आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये ते तिथे पहिले आले. दम मारोच्या रेकॉर्डी घराघरांतून परदेशी गेलेल्या मुलांनी ऐकल्या नसत्या, तर हे झाले असते का?

२००५ मध्ये आणखी एक घडले. सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रोनोस क्वार्टेटने, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो वाजवणाऱ्या चौघांनी, राहुलदेवांच्या बारा गाण्यांचा संग्रह केला, ‘यू हॅव स्टोलन माय हार्ट’. साथीला तबल्यावर झाकिर हुसेन, चिनी पिपा वाजवणाऱ्या वू मान. आणि गाणाऱ्या आशाताई; वयाच्या सत्तरीनंतर, स्टुडिओत उभे राहून, त्यांतली बरीच गाणी पुन्हा पहिल्यापासून. राहुलदेव १९९४ मध्येच गेले होते. त्यात ‘दम मारो दम’ही आहे. याही संग्रहाला ग्रॅमीचे नामांकन मिळाले.

मी तो घेऊन दिवाळीत बेळगावला गेलो. ताईच्या घरी भाचा, सून, शेजारच्या कन्नड काकू, सगळे फराळाला बसलेले. ताईने चकलीचा हात पुसून जवळ येऊन ऐकले. गाणे सुरू झाल्यावर तिने मान हलवली नाही, ठेका धरला नाही. दुसऱ्या कडव्याच्या आधी बोट वर केले.

“इथे बघ, श्वास घेतलेला ऐकू येतोय. तेव्हा तो ऐकू येत नव्हता.”

“वय झालं ना,” भाचा म्हणाला.

“वय नाही रे. तिने आता तो लपवायचा नाही असं ठरवलंय.” मग कन्नड काकूंकडे वळून तिने तेच कन्नडमध्ये सांगितले, जरा लांबवून, हातवारे करून. काय सांगितले ते मला पूर्ण कळले नाही, पण काकू हसल्या आणि गाणे पुन्हा लावायला सांगू लागल्या. ते पुन्हा लावले. ताई यावेळी खालच्या पट्टीत बरोबर गायली, तेहतीस वर्षांनी, आणि कडवी तिला सगळी येत होती.

वही तिने मला दिली ती उसनी. लेख छापून आला की परत दे, असे बजावले आहे. १९७२ च्या पानाची झेरॉक्स काढून ठेवली आहे. मूळ वही अंकाबरोबर बेळगावला पोचती करणार आहे.